तीन पाडसे आणि एक आक्षेप

मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत व कोणती देऊ नयेत याविषयी आपल्याकडे अधूनमधून जो वाद उद्भवतो, त्यात यंदा एका व्यासंगी गृहस्थांनी भर घातली आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद शालेय वाचनाच्या याद्यांतून वगळावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि त्यासाठी त्यांनी दोन कारणे दिली आहेत. पहिले असे की, ज्या मुलाने एक पोरके पाडस वर्षभर उराशी धरून वाढविले, त्याच मुलाच्या हातून, बापाच्या हुकमाने, ते मारविणारी कथा कोवळ्या मनावर आघात करते आणि वडीलधाऱ्यांवरचा त्याचा विश्वास डळमळीत करते. दुसरे असे की, शोकाचा संस्कार करावयाचाच असेल तर त्यासाठी फ्लॉरिडाच्या रानात जाण्याचे प्रयोजन नाही. भागवतातील जडभरताच्या आख्यानात पाडसही आहे आणि आसक्ती माणसाला कोठे नेते याचा निवाडाही आहे. दुसऱ्या कारणाने मला अधिक अस्वस्थ केले, म्हणून हा लेख.

पहिल्या आक्षेपातील आघाताच्या भागाला फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांना वाचावयास दिली, आणि आईच्या मृत्यूशी येताच मुलांनी रडावे हेच ज्याला योग्य वाटले, त्या समाजाने मुलांना शोक सोसत नाही असे म्हणणे म्हणजे स्वतःच्याच दप्तरातला कागद नाकारणे आहे. आजोबा गेल्यावर ज्या मुलाला दोन दिवस शेजारी पाठवून दिले जाते, ते मूल शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून सारे जाणत असते; विचारावे असे माणूस मात्र त्याच्याजवळ नसते.

विश्वासाचा मुद्दा गंभीर आहे. त्यासाठी कथेची हकीकत नीट मांडली पाहिजे, कारण आक्षेप घेणारे आणि चाहते असे दोघेही तिचा शेवट तेवढाच लक्षात ठेवतात. रॉलिंग्जबाईंनी १९२८ साली फ्लॉरिडातील क्रॉस क्रीक येथे संत्र्यांची बाग विकत घेतली आणि त्या रानातल्या माणसांत राहून, त्यांची बोली, शिकार व शेती जाणून घेऊन दहा वर्षांनी, १९३८ साली, ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तिला कादंबरीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. म्हणजे ती मोठ्यांचे पुस्तक म्हणूनच गौरविली गेली आणि मुलांनी ती मागाहून आपलीशी केली. कथेचा काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा. बॅक्स्टर कुटुंबात माणसे तीन: पेनी, त्याची बायको ओरी आणि मुलगा ज्योडी. ज्योडीच्या आधीची मुले एकामागून एक दगावली, पेनीने ती आपल्या हातांनी पुरली, आणि त्या प्रत्येक मरणाबरोबर ओरीच्या स्वभावातले काही कायमचे आटत गेले. तिला कठोरपणाचा दोष देणाऱ्यांनी ही थडगी आधी पाहावीत.

पेनीला रानात विषारी साप चावतो. तो तत्काळ समोरच्या हरिणीला गोळी घालतो आणि तिचे काळीज व यकृत जखमेवर दाबून विष ओढून काढतो. त्या हरिणीचे पाडस मागे उरते. पुढे ज्योडी बापाजवळ ते पाडस मागतो तेव्हा त्याचा युक्तिवाद दयेचा नसून ऋणाचा आहे: ज्या हरिणीच्या मरणाने तुम्ही जगलात, तिचे पोर उपाशी मरू देणे ही कृतघ्नता होईल. पेनी हे मान्य करतो. पाडस घरी येते ते बापाने मान्य केलेल्या देण्यापोटी येते, ही गोष्ट कथेच्या मुळाशी आहे, आणि या पुस्तकावर बोलणाऱ्यांच्या मुखी ती क्वचितच येते.

पाडसाचे नावही असेच वारसाहक्काने आले आहे. फॉरेस्टरांच्या दांडग्या घरात फॉडरविंग नावाचा एक पंगू मुलगा आहे, रानातल्या जनावरांशी मैत्री करणारा, ज्योडीचा एकमेव समवयस्क सोबती. ज्योडी आपले पाडस त्याला दाखवावयास जातो तो त्याच्या मृत्यूच्या दिवशी. आणि जाण्यापूर्वी तो त्या पाडसासाठी फ्लॅग हे नाव सुचवून गेला होता, असे ज्योडीला तेथे कळते. फॉडरविंगला पुरताना, अंगावर धर्मोपदेशकाचा झगा नसलेला पेनी जी प्रार्थना म्हणतो, तीत तो देवाजवळ या मुलासाठी सरळ हातपाय आणि सोबतीला थोडीशी पाखरे-जनावरे मागतो. तेव्हापासून फ्लॅगला हाक मारताना ज्योडी दर वेळी मेलेल्या मित्राने ठेवलेले नाव उच्चारीत असतो. पुढे तो बंदूक उचलतो तेव्हा त्याचे काय काय जाते, याचा हिशेब या दोन गोष्टी वगळून करता येत नाही.

नंतरचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. महापुराने पीक जाते, रोगाने रानातली जनावरे मरतात, लांडगे माजतात. वसंतात पेनी खोड उपटताना जायबंदी होऊन अंथरुणाला खिळतो. वाढलेला फ्लॅग वर्षाच्या भाकरीचा एकमेव आधार असलेल्या मक्याचे कोंब खातो. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो, आणि फ्लॅग तेही ओलांडून पुन्हा खातो. बाप हुकूम देतो. ज्योडीच्याने तो अमलात येत नाही. आईची गोळी नीट लागत नाही, आणि जखमी पाडसाला संपविण्याचे काम अखेर ज्योडीवर येते.

येथे मला 'पाडस'च्या चाहत्यांची साथ सोडावी लागते. मुलगा मोठा झाला, कोवळेपणाची किंमत देऊन पौरुष मिळविले, हा सृष्टीचा नियमच आहे, असे ते म्हणतात. ही किंमत दिली कोणी? ज्योडीच्या वाढीत फ्लॅगचा काही लाभ नव्हता. एका हरिणीच्या काळजाने बापाचे प्राण वाचले आणि तिच्या पिलाच्या मरणाने घराची भाकरी वाचली; एकाच कुळाकडून दोनदा घेतले आणि मान्य केलेले देणे बुडविले. या अन्यायाची बोच आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांना लागली आणि चाहत्यांना लागली नाही, म्हणून येथवर मी त्यांच्या बाजूचा आहे. दुसरा मार्ग नव्हता हे मला मान्य आहे. पण दुसरा मार्ग नव्हता एवढ्यावरून देणे फिटत नाही.

मग त्यांनी सुचविलेला जडभरत घेऊ. भागवताच्या पाचव्या स्कंधातील ही कथा आपण कीर्तनांतून ऐकतो ती तात्पर्यासाठी. मूळ आख्यान तात्पर्यापेक्षा फार मोठे आहे. राज्य सोडून गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात तप करणाऱ्या भरताच्या डोळ्यांदेखत एक गाभण हरिणी पाणी पिता पिता सिंहगर्जनेने भ्यायली, तिने नदीवर झेप घेतली, गर्भ प्रवाहात पडला आणि ती स्वतः एका गुहेत मरून पडली. भरताने पाडस उचलले ते का, हे आख्यानकार स्पष्ट सांगतो: शरण आलेल्याची उपेक्षा करणे हा दोष आहे हे तो जाणत होता. म्हणजे आरंभ धर्माचा आहे, मोहाचा नाही. पुढे तो त्याला खांद्यावर घेऊन हिंडतो, त्याची नित्यकर्मे एकेक सुटतात, आणि एके दिवशी पाडस दिसेनासे होते तेव्हा त्याच्या खुरांचे ठसे उमटलेली भूमी त्याला धन्य वाटते, चंद्रावरचा डाग पाहून चंद्रानेच आपल्या पोरक्या लेकराला आसरा दिला असेल असे त्याला वाटते. हे लिहिणाऱ्या कवीला आसक्तीचा केवळ धिक्कार करावयाचा होता, यावर माझा विश्वास बसत नाही. मरणसमयी पाडस पुत्रासारखे शोक करीत उशाशी बसले आहे, असे तोच कवी लिहितो.

आणि मग भरत हरिणाच्या जन्माला जातो, पूर्वस्मृती शाबूत राहिल्यामुळे कळप सोडून पुन्हा त्याच आश्रमापाशी येतो आणि संगाच्या धास्तीने एकटा राहून देह पडण्याची वाट पाहतो. आख्यान भरताचे तीन जन्म सांगते. मागे उरलेल्या पाडसाचे काय झाले, हे सांगत नाही. दुसऱ्यांदा पोरके झालेल्या त्या जिवाला कोणी खांद्यावर घेतले? आसक्तीचे तात्पर्य काढणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्या लेखी पाडस हा मुमुक्षूच्या वाटेवरचा अडथळा आहे; आणि 'मुलगा मोठा झाला' म्हणणाऱ्यांच्या लेखी तो पौरुषाच्या वाटेवरचा टप्पा आहे. दोन्ही पक्षी जनावर साधनच राहते. जडभरताची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, परंतु ती या पुस्तकाच्या जागी बसविता येणार नाही.

तिसरे पाडस कालिदासाचे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेचा पदर तिनेच वाढविलेले, जन्मतःच आईला मुकलेले पाडस ओढते; ती त्याला सांगते की आता तात तुझी काळजी घेतील. तिन्ही कथांत पोरक्या जिवाची पुढची तजवीज करणारी ती एकटीच आहे. ज्योडीजवळ सोपवावयास कण्व नव्हता.

मानसशास्त्राचा आधार घेणाऱ्यांसाठी फ्रॉइडविषयी थोडे लिहिणे भाग आहे. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोकावरील निबंधात त्याने असे मांडले की, शोक म्हणजे गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेण्याचे काम होय, आणि ते पुरे झाले की मन पुन्हा मोकळे होते. १९२० साली त्याची मुलगी सोफी साथीच्या तापाने गेली. १९२३ साली तिचा लहानगा मुलगाही गेला. १९२९ साली, सोफीच्या जन्मदिवशी, पुत्रशोकात असलेल्या बिन्सवांगर या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तोच फ्रॉइड सांगतो की, गेलेल्याची जागा कशानेही भरत नाही, आणि भरली तरी ते काही निराळेच असते. तसेच असणे योग्य आहे, कारण आपल्याला सोडून द्यावयाचे नाही असे प्रेम टिकविण्याचा तोच एक मार्ग आहे. निबंधापेक्षा हे पत्र मला अधिक प्रमाण वाटते. मुलाचे मांजर मेले की आठवड्याच्या आत दुसरे पिलू आणणाऱ्या आपल्या घरांतून ते वाचले जावे. पेनी बॅक्स्टर ज्योडीला दुसरे पाडस आणून देण्याची गोष्टही काढीत नाही.

तो काय करतो, यातच विश्वासाच्या आक्षेपाचे उत्तर आहे. घर सोडून पळालेला ज्योडी होडीत उपाशीपोटी भरकटतो, आणि उपासमार म्हणून आई जे सांगत होती ते त्याला तेथे, पोटातून, कळते. मक्याचे कोंब म्हणजे काय हे कोणाच्याही उपदेशाने कळले नव्हते. तो परत येतो तेव्हा बाप त्याला आपला हुकूम योग्य होता असे पटवीत बसत नाही, क्षमाही मागावयास लावीत नाही. आयुष्य माणसाला पाडते, ते तुला सोपे जावे अशी माझी इच्छा होती, ती पुरी करणे माझ्या हाती नव्हते, असे तो त्याला बरोबरीच्या माणसासारखे सांगतो, आणि आपले शरीर आता पूर्ववत चालणार नाही हेही लपवीत नाही. सर्वसमर्थ बापावरचा विश्वास त्या दिवशी संपला. खरे बोलणाऱ्या दुर्बळ बापावरचा विश्वास त्याच दिवशी सुरू झाला. वडीलधाऱ्यांवरचा पहिल्या जातीचा विश्वास मुलांच्या मनात टिकावा म्हणून पुस्तके वगळावयाची असतील, तर ती मसलत मुलांच्या हिताची नाही. फ्लॅगचे देणे मात्र या समेटाने फिटत नाही, आणि रॉलिंग्जबाई ते फिटल्याचा बहाणा करीत नाहीत. म्हणून मी त्यांना मोठ्या लेखिका मानतो.

तेव्हा याद्या करणाऱ्या शिक्षकांना व ग्रंथपालांना माझी विनंती आहे की, 'पाडस' वगळू नये. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ते पूर्ण द्यावे, संक्षिप्त करून देऊ नये. आणि वाचून झाल्यावर त्याला तात्पर्य लिहावयास सांगू नये. आईबापांनी मात्र त्या संध्याकाळी घरी असावे, आणि मुलाने पेनीवर राग धरला तर त्या रागाचे समर्थन ऐकून घ्यावे.