गुंडाला हसावे का?

हसणे पाप आहे असे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. तरीही भाविक माणूस म्हटला की तो गंभीर चेहऱ्याचाच असणार, असा आपला एक समज असतो. रविवारी मिस्सा झाल्यावर घरी विनोदी चित्रपट पाहून पोट धरून हसलो, तर रात्री रोझरीला बसताना उगीच थोडे चुकल्यासारखे वाटते. त्यातून ज्याला हसलो तो खंडणी उकळणारा गुंड असेल तर अधिकच. माणसांचे जीव घेणाऱ्याला हसावे का? हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

तो सुचला 'लव्ह के लिए कुछ भी करेगा' या २००१ सालच्या हिंदी चित्रपटावरून. ई. निवास यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट आज फार कोणाला आठवत नाही. सैफ अली खान, फरदीन खान, आफताब शिवदासानी अशी नायकांची रांग असूनही लक्षात राहतो तो जॉनी लिव्हर यांचा अस्लमभाई. या भाईला वेड लागले आहे सिनेमात हिरो होण्याचे. आता, ज्याच्या हाती पिस्तूल आहे त्याला 'तुला अभिनय येत नाही' हे सांगणार कोण? सारी गंमत या एका अडचणीत आहे.

जॉनी लिव्हर आपल्या मुंबईचेच. धारावीत वाढले, गरिबीमुळे सातवीनंतर शाळा सुटली. नटांच्या नकला करीत रस्त्यावर पेने विकली, मग हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात मजुरी केली. तिथल्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी जॉन रावचे नाव 'जॉनी लिव्हर' करून टाकले. पुढे रंगमंचावर एकट्याने लोकांना हसवीत ते चित्रपटांत आले. ते ख्रिस्ती आहेत आणि आपल्या श्रद्धेची साक्ष उघडपणे देतात. पण मला त्या कारखान्यातल्या कार्यक्रमाचे महत्त्व अधिक वाटते. एक मजूर साहेबांची नक्कल करतो आणि बाकीचे मजूर खळखळून हसतात, हे हसणे खालून वर जाणारे आहे. एखाद्या साहेबाने मजुराच्या चालण्याबोलण्याची नक्कल केली असती तर तेच हसणे अंगावर आले असते.

आपल्याला हे कळायला हवे, कारण हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे आपल्यालाही असेच हसून घेतले आहे. हातात बाटली आणि तोंडात मोडके हिंदी, म्हणजे ख्रिस्ती! आपणही थिएटरात बसून त्याला हसलोच.

आता अस्लमभाईकडे वळू. चित्रपट आला तो काळ आठवा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी गुलशन कुमार यांना अंधेरीत मंदिराबाहेर गोळ्या घालून ठार केले. जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. फोन वाजला की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येई, असे ते दिवस होते. अशा वेळी भाईला विदूषक करणे म्हणजे मेलेल्यांची चेष्टा नव्हे काय? ही शंका खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला या विनोदावर हसू येणार नाही, आणि त्याने हसावे अशी अपेक्षाही आपण करू नये.

पण दुसरी बाजू पाहा. त्या काळात गुंडांवर निघणाऱ्या गंभीर चित्रपटांत भाई रुबाबदार दिसे. तो पाहून गल्लीतली पोरे त्याच्यासारखी चालू लागत. अस्लमभाईला पाहून कोणत्या पोराला भाई व्हावेसे वाटेल? भीतीवर उभा असलेला माणूस भीती काढून घेतली की केवढासा उरतो, हे विनोद दाखवतो. कार्मेल डोंगरावर एलीया एकटा होता आणि समोर बआलचे साडेचारशे संदेष्टे. तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल, जरा मोठ्याने हाका मारा, अशी त्याने त्यांची थट्टा केली. याच्या उलट, पिलाताच्या वाड्यात शिपायांनी आपल्या प्रभूला काट्यांचा मुकुट घातला, हातात वेत दिला, गुडघे टेकून मुजरे केले. तोही एक विनोदच होता आणि ते शिपाई हसलेच असणार. एलीयाची थट्टा सत्तेवर चालली होती. शिपायांची, बांधलेल्या माणसावर.

संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि विनोद यांना आत्म्याची विश्रांती म्हटले आहे. ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जणांना खटकले. त्याने त्यांतल्या एकाला, ज्याच्याजवळ धनुष्य होते त्याला, बाण मारायला लावले, पुन्हा पुन्हा, आणि विचारले, हे असेच सतत चालू ठेवता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. पण याच थॉमसनी हेही बजावले आहे की, शेजाऱ्याला इजा करणारी थट्टा गैर आहे. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या शंभरावर विनोदकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावले तेव्हा ते म्हणाले की, देवालाही हसता येते, जसे आपण आपल्या प्रेमाच्या माणसांना हसतो, मात्र कोणा भाविकाचे मन न दुखवता.

या कसोटीला हा चित्रपट पूर्ण उतरतो असे मी म्हणणार नाही. कथेत पैशासाठी नवरा स्वतःच्या बायकोच्या अपहरणाचा बेत रचतो आणि त्यातूनही विनोद काढला आहे. त्या भागात मला हसू आले नाही. अस्लमभाईला मात्र मनापासून हसलो, आणि शेवटी शेवटी त्या वेड्याची थोडी दयाही आली, कारण आरशासमोर उभे राहून हिरो होण्याचे स्वप्न आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? घरी मुले त्याची नक्कल करतील तर करू द्यावी. मला वाटते, त्या बायकोबद्दल मात्र त्यांच्याशी जेवताना दोन शब्द बोलावेत.