वाट कोणाची?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात टॅमलपायस हा डोंगर आहे. त्याच परिसरातल्या एका उतारावर 1976 साली काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकलींची शर्यत लावली. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून धूर निघे. माउंटन बायकिंगचा खेळ इथे वाढला, आणि भांडणही. कारण या रानवाटांवर पायी चालणारे आणि घोडेस्वार आधीपासून होते.

कोणी कोणासाठी थांबायचे? रूढ नियम साधा आहे. सायकलस्वाराने दोघांनाही वाट द्यावी. पादचाऱ्याने घोड्याला, कारण घोडा बिथरतो. सायकलीला ताशी 15 मैलांची मर्यादा, पलीकडचे न दिसणाऱ्या वळणावर 5. सायकलस्वार विचारतो, करही सारखा, हक्कही सारखा. मग माघार मीच का घ्यावी? उत्तर एवढेच, की हक्क समान असले तरी इजा करण्याची ताकद समान नसते. ज्याच्या हाती वेग, त्याच्यावर जबाबदारी जास्त.

पण याच न्यायाने पादचाऱ्यालाही वाटेची मालकी सांगता येत नाही. ओल्या मातीत त्याचा बूटही रुततो, घोड्याची टाप त्याहून खोल. पावसात वाट बंद ठेवायची, तर ती सर्वांसाठी. ज्या रानापायी हा वाद, त्याला बैठकीत मत नसते. रान ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तिथे आपला हक्क मागण्याआधी आपल्यामुळे कोणाला इजा होते, हे प्रत्येकाने पाहावे.