चाळिशीचा हिशेब : आपण देहाचे मालक की विश्वस्त?

मराठी भाषेची एक मौज आहे. जे वय माणसाच्या खांद्यावर येऊन बसते त्याला ती 'चाळिशी' म्हणते, आणि त्या वयात जी वस्तू त्याच्या नाकावर येऊन बसते तीही चाळिशीच. मंदिरात पोथीवाचनास बसणाऱ्या मंडळींत या दोन्ही चाळिशा एकदमच अवतरतात. कालपर्यंत पोथी मांडीवर ठेवून अस्खलित वाचणारा गृहस्थ आज ती हातभर लांब धरू लागतो, उद्या दिवा जवळ मागतो, आणि परवा "हल्ली अक्षर फार बारीक छापतात" अशी तक्रार करतो. आम्हीही ही तक्रार चांगली दोन वर्षे केली. दोष छापखान्याचा नव्हता. डोळ्यातील भिंग वयोमानाने ताठर होते व जवळचे पाहण्याची त्याची शक्ती उणावते. हे चाळिशीच्या आसपास बहुतेक सर्वांचे होते. परंतु ते कबूल करण्यापेक्षा छापखान्याला बोल लावणे आम्हांस सोपे वाटले. या लहानशा अप्रामाणिकपणाचा विचार करता करताच प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस सुचला.

आपल्या परंपरेत वयाच्या टप्प्यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांती, साठाव्या वर्षी उग्ररथ शांती, सत्तराव्या वर्षी भीमरथी शांती आणि ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, अशी मालिकाच सांगितली आहे. गृहस्थाने वनाकडे केव्हा वळावे, हेही मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे : अंगावर सुरकुत्या व केस पांढरे झालेले दिसले आणि नातवंड पाहिले, म्हणजे. मात्र चाळिसाव्या वर्षासाठी कोणतीही शांती नाही. हे वय गृहस्थाश्रमाच्या ऐन मध्यावर, भर दुपारी येते. मुलांच्या फीया, घराचे हप्ते, गावाकडील आईबापांचे औषधपाणी ही सर्व ओझी एकाच खांद्यावर असतात. म्हणूनच या वयात स्वतःकडे पाहण्याची उसंत कोणास नसते, आणि म्हणूनच ती काढण्याची सर्वाधिक आवश्यकता असते.

आपल्या गोडादऱ्याचेच पाहा. पूर्वी हे सुरतेच्या वेशीबाहेरचे स्वतंत्र गाव होते. आज लिंबायत, डिंडोली व पर्वत पाटिया यांच्याशी ते एकजीव झाले आहे. येथील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने उधन्यास उतरायचे आणि लूमच्या खात्यात, साडीच्या किंवा भरतकामाच्या कारखान्यात कामास लागायचे, हा दोन-तीन पिढ्यांचा परिपाठ. जी तापी भुसावळवरून वाहत येते तीच सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिच्या मागोमाग आपली माणसेही आली. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. जागरण सोसवावे म्हणून चहा, चहा पुरेना म्हणून तंबाखू, आणि झोप अपुरी म्हणून पुन्हा चहा. शेतावर राबणाऱ्या बापाची भाकरी व ठेचा हा आहार शेतातच जिरत असे. मुलगा उभ्या जागी बारा तास उभा राहतो; अंग थकते खरे, पण त्यास व्यायाम घडत नाही. सुरतचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यवंतास लाभते, अशी या शहराची म्हण आहे. या दोन गोष्टींमधील अंतर फार कमी होऊ नये, एवढीच आमची प्रार्थना.

आमच्या भजनी मंडळात एक मृदंगवादक होते. त्यांचे नाव येथे देत नाही. वडील लवकर गेल्यामुळे अठराव्या वर्षी ते सुरतेस आले. दोन धाकट्या भावांचे शिक्षण त्यांनी लूमवर उभे राहून केले, बहिणीचे लग्न केले. वाढीव पैसे मिळतात म्हणून रात्रपाळी मागून घेत. चाळिशी उलटल्यावर त्यांस वारंवार तहान लागू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या. आम्ही म्हणालो, "भाऊ, एकदा रक्त तपासून घ्या." ते हसून म्हणाले, "यंदा पोराला कॉलेजात घालू द्या, मग देहाचं बघू." आम्हीही पुन्हा विचारले नाही, सप्ताहाची तयारी चालू होती आणि मृदंगाला दुसरा माणूस नव्हता. चव्वेचाळिसाव्या वर्षी, रात्रपाळीहून परतल्यावर, छातीत कळ येऊन ते गेले. ज्या मुलाच्या कॉलेजासाठी त्यांनी स्वतःला मागे ठेवले, तो मुलगा तिसऱ्या महिन्यात कॉलेज सोडून त्याच खात्यात कामास लागला.

या घटनेने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो केवळ वैद्यकाचा नाही. तो नीतीचा आहे. दुसऱ्यांसाठी स्वतःचा देह झिजवणे यालाच आपण पुण्य मानत आलो. चंदनाचा दृष्टांत आपल्या तोंडी सदैव असतो. मग चाळिशीच्या कर्त्या पुरुषाने आपल्या झोपेची, आहाराची, फिरण्याची काळजी वाहणे हा स्वार्थ नव्हे काय? घरात एक रुपया उरत असता तो मुलाच्या पुस्तकावर खर्चावा की स्वतःच्या रक्ततपासणीवर? हा आक्षेप उथळ नाही. ज्यांनी त्याग पाहिलेलाच नाही त्यांनी त्याची थट्टा करावी. आपण ज्या माउलींच्या व बापांच्या झिजण्यावर वाढलो, त्यांना ती थट्टा शोभत नाही.

तथापि या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की देह ही आपली खाजगी मालमत्ता आहे. तेव्हा ती उधळली तर नुकसान आपलेच, आणि जपली तर लाभही आपलाच. हे गृहीत आम्हांस मान्य नाही. देवस्थानचा विश्वस्त पाहा. तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असते. म्हणून तिजोरी त्याची होत नाही. त्याने खर्च करू नये असे नाही; खर्चासाठीच तो नेमलेला असतो. परंतु खर्च कशावर झाला याचा हिशेब त्याने ठेवला पाहिजे आणि वर्षातून एकदा तो दुसऱ्याकडून तपासून घेतला पाहिजे. "मी देवाच्या कामात इतका मग्न होतो की वही पाहायला सवड झाली नाही," असे म्हणणारा विश्वस्त कितीही भाविक असला तरी आपण त्यास चांगला विश्वस्त म्हणणार नाही. चाळिशीच्या गृहस्थाचा देह ही अशीच ठेव आहे. तिच्यावर पत्नीचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईबापांचा हक्क आहे.

हा दृष्टांत पत्करला म्हणजे त्याग आणि गळती यांतील भेद स्पष्ट होतो. त्याग जाणूनबुजून केलेला असतो व तो कोणाच्या तरी पदरात पडतो. गळती नकळत होते व कोणाच्याच पदरात पडत नाही. आमच्या मृदंगवादकांनी भावांसाठी केलेली रात्रपाळी हा त्याग होता. त्यापुढे आमचे मस्तक नमते. परंतु गालातला तंबाखू भावांच्या उपयोगी पडला नाही. न केलेल्या रक्ततपासणीचे वाचलेले पैसे मुलाच्या शिक्षणाला पुरले नाहीत. आपण दोन्ही रकमा एकाच 'त्याग' या सदराखाली लिहितो, आणि हिशेब चुकतो तो येथेच.

कालिदासाच्या कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात, देह हेच धर्माचे आद्य साधन असल्याचे जे सुप्रसिद्ध वचन आहे, ते आपण आखाड्यांच्या भिंतींवर लिहितो. परंतु ते कोण कोणास म्हणाले, हे विसरतो. ते आळशी किंवा चैनी माणसास उद्देशून नाही. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेले शंकर, उग्र तपाने कृश झालेल्या पार्वतीची विचारपूस करीत आहेत : तू आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना? म्हणजे हा प्रश्न थोर हेतूने स्वतःला विसरलेल्या माणसासाठीच आहे. लूमवर उभा असलेला कुटुंबवत्सल बाप हाही एक तपस्वीच, आणि म्हणून हा प्रश्न त्यालाच विचारावयाचा आहे.

आता त्या वहीतील नोंदी कोणत्या, ते थोडक्यात सांगतो. चाळिशीनंतर स्नायूंचा ऱ्हास हळूहळू जाणवू लागतो. बळ वापरले नाही तर ते जाते. रक्तदाब व रक्तशर्करा यांचा विशेष असा की, ती वाढली तरी बराच काळ काहीही दुखत नाही. म्हणून 'मला काही होत नाही' हा पुरावा ठरत नाही. रक्तदाब पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, अथवा उपाशीपोटी शर्करा 126 किंवा त्याहून अधिक दिसली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात दिरंगाई करू नये. 100 ते 125 ही सावधगिरीची पायरी आहे. तेथून पुष्कळांना परत फिरता येते. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीचा 80 च्या पुढे गेला, तर तोही इशाराच. आठवड्यास किमान 150 मिनिटे झपाझप चालणे किंवा तत्सम श्रम, दोन दिवस बळाचा व्यायाम, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ आणि तंबाखूचा पूर्ण त्याग, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. यात खर्चाचे असे काय आहे? एकादशी आणि दुप्पट खाशी, हेही या वयात थांबले पाहिजे. साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी शर्करेला ते ठाऊक नसते.

"चाळीस वर्षांची सवय आता काय बदलणार?" असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही औंधच्या राजांचे उदाहरण देतो. भवानराव पंतप्रतिनिधी 1868 साली जन्मले. तरुणपणी ते पाश्चात्त्य पद्धतीचा व्यायाम करीत. सूर्यनमस्काराचा नेम त्यांनी धरला तो 1908 च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत. पुढे तो संस्थानच्या शाळांत नेला, 1928 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि 1939 साली, वयाच्या सत्तरीत, आपली राजसत्ता प्रजेच्या हाती सोपविली. त्याच औंधात 1918 च्या सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. पेशाने चित्रकार असलेल्या या गृहस्थांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर वेदांच्या अभ्यासाला व प्रकाशनाला उरलेले आयुष्य वाहिले. 1948 मध्ये, ऐंशीच्या घरात असता, त्यांस औंध सोडावे लागले. तेव्हा ते आपल्या शेजारच्या वलसाड भागातील पारडी येथे आले, तेथे पुन्हा काम मांडले आणि 1968 मध्ये, शंभरी ओलांडून, तेथेच देह ठेवला. मुंबईस जाताना गाडी पारडीवरून जाते. तेव्हा वाचकांनी एकवार हे स्मरावे.

परंतु आरोग्य हे सदाचाराचे बक्षीस आहे, असा अर्थ कोणी काढू नये. नेमाने वागणारेही आजारी पडतात, आणि आजारी माणसास 'तुझेच चुकले' म्हणणे हे क्रौर्य आहे. लोकमान्य टिळकांस मधुमेह होता. तशा देहानिशी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले. देह धड नसला तरी ध्येय संपत नाही. विश्वस्ताचे कर्तव्य ठेव वाढलीच पाहिजे हे नसून, हिशेब स्वच्छ असला पाहिजे हे आहे.

चाळिशीपर्यंतची आपली ध्येये बहुधा संपणारी असतात : नोकरी लागली, लग्न झाले, घर झाले. आरोग्य हे तसे ध्येय नव्हे. ते मंदिरातील नंदादीपासारखे आहे; एकदा लावला म्हणून भागत नाही, रोज तेल घालावे लागते. आपल्या सुरतेनेच हा धडा घेतला आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक हे शहर सोडून पळाले. पुढच्याच वर्षापासून शहराने आपली झाडलोट, गटारे व कचरा यांची रोजची शिस्त लावून घेतली, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले स्थान मिळविले. पालट घडला तो रोजच्या झाडूने. मात्र शहराला संकटानंतर दुसरी संधी मिळाली. माणसाला ती मिळेलच असे नाही.

शेवटी एक गोष्ट त्याग करणाऱ्यांस नव्हे, तर त्याग घेणाऱ्यांस सांगावयाची आहे. जो आपल्यासाठी झिजत आहे त्याची वही पाहणे हे आपले काम आहे. शिकून नोकरीस लागलेल्या भावांनी, "दादा, आता रात्रपाळी सोड, महिन्याचे इतके आम्ही पाठवतो," असे वेळेवर म्हटले असते तर? आणि ज्या घरात आई दिवसभर साड्यांचे धागे कापते, टिकल्या लावते व सर्वांच्या मागून उरलेले जेवते, तेथे तिचे ताट प्रथम वाढले गेले तर? पन्नाशीकडे जाताना ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीची हाडे विरळ होऊ लागतात. पण तिची तपासणी हा घरातला सर्वांत शेवटचा खर्च ठरतो. आम्हीही दोषमुक्त नाही. आम्हांस सप्ताहासाठी मृदंग हवा होता. मृदंगवादकाच्या पायांना मुंग्या येतात हे ऐकून आम्ही पुढच्या अभंगाकडे वळलो.

म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, महिन्यातील एका एकादशीस, हरिपाठापूर्वी, सभामंडपात रक्तदाब व शर्करा पाहण्याची सोय करावी. रात्रपाळीच्या मंडळींसाठी ती सकाळी ठेवावी. आणि त्या दिवशी प्रसादात शिऱ्याऐवजी फळ द्यावे. चाळिशीला शांती सांगितलेली नाही. पण एक विधी आपण स्वतःच घालून घेऊ शकतो. शेजारी बसलेल्यास नुसते "कसे काय?" न विचारता, "तपासून घेतलेस का?" असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या अभंगाकडे वळू नये.