राहून गेलेली भेट

संकटकाळी शेजाऱ्याच्या दारी धावून जावे, हा शेजारधर्म आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२० साली आलेल्या कोविडच्या साथीने तोच उलटा केला. दूर राहणे, दार लावून घेणे हेच प्रेमाचे लक्षण ठरले. मग त्या काळात जो शेजारी आला नाही, त्याला दोषी म्हणावे काय?

भिलाईच्या नेहरू नगरासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिक टोचतो. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या शहरात आली. अनेकांचे रक्ताचे नातलग दूर गावी. तेव्हा शेजारी हाच सोयरा. एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी झाली आणि हा सोयराही कुंपणापलीकडे राहिला. भिलाईच्या कारखान्यातून प्राणवायू दूरदूरच्या रुग्णांसाठी जात होता; त्याच दिवसांत कित्येकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही नीट घडले नाही.

साथ ओसरली. परंतु ज्याला धड निरोप देता आला नाही, त्याचे दुःख मनात अडून राहते. रोग मीच घरात आणला काय, हा विचार झोपू देत नाही. रुग्णवाहिकेच्या आवाजाने छातीत धस्स होते. साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता व नैराश्य जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. अशा पीडिताला विश्वासात उणा ठरविणे हा अन्याय होय.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, म्हणून आपण त्यांना दोष देतो. साथीत आपण सर्वच दुसऱ्या बाजूने गेलो, आणि तेव्हा ते योग्यही होते. शोमरोनीदेखील जखमी माणसाला उतारशाळेत ठेवून पुढे गेलाच. पण उरलेला खर्च परत येताना फेडण्याचे वचन देऊन. आपण परत आलो आहोत. आपला हिशेब मात्र तसाच राहिला आहे.

ज्या घरी समाचाराला जायचे राहून गेले, तिथे आता जावे. उपदेश करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवरच त्यांचे सांत्वन खरे होते. गेलेल्याचे नाव काढावे व ऐकत राहावे. झोप आणि अन्न तुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, तेही सांगावे.

इतक्या वर्षांनी काय म्हणून जावे, असा संकोच वाटेल. दुःखाच्या घरी भेटीला मुदत नसते.