डलहौसीच्याच टेबलावरून

वरठीच्या स्टेशनावर पाटी आहे ती भंडारा रोडची. मुंबई-हावडा मार्गावरच्या या रुळांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, ‘इंग्रजांनी राज्य घेतलं, पण रेल्वे तर दिली!’ हा हिशेब मला मान्य नाही.

रेल्वेची आखणी आणि इथले राज्य घेणे, दोन्ही एकाच माणसाचे: लॉर्ड डलहौसी. तो स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातला. इंग्लंडात व्यापार खात्याचा कारभार पाहताना रेल्वे कंपन्यांचे अर्ज त्याच्या हाताखालून गेले होते. 1848 मध्ये वयाच्या पस्तिशीत तो गव्हर्नर जनरल झाला. कामाला वाघ होता, त्यात शंका नाही. हिंदुस्थानभर लोहमार्ग कसे न्यावेत यावरचे त्याचे गाजलेले टिपण एप्रिल 1853 चे. त्याच वर्षी 11 डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. भंडाऱ्याचा हा मुलूख त्यांच्याच राज्यातला. घराण्यातल्या ज्येष्ठ राणी बाकाबाई आणि इतर राण्यांनी दत्तकाचा हक्क सांगितला. डलहौसीने तो नाकारला आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल भावाने विकले गेले. जवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले.

‘त्या काळी सगळे असेच वागत’ हे समर्थन इथे टिकत नाही. डलहौसीच्याच कौन्सिलात कर्नल जॉन लो बसत होते. आयुष्य हिंदुस्थानी दरबारांत घालवलेला हा माणूस. त्यांनी या निर्णयाला लेखी विरोध केला. सातारा खालसा झाल्यावर लोक आपल्याला विचारत होते, राजाने असा कोणता गुन्हा केला, हे त्यांनी टिपणात नोंदवले. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याचाही कल भोसल्यांकडे होता. म्हणजे न्याय काय, हे सांगणारी माणसे त्याच सरकारात होती. डलहौसीने ते वाचले आणि बाजूला ठेवले. दोष काळाचा नव्हे, निवडीचा आहे.

आणि रेल्वे? भंडाऱ्याकडे पहिले रूळ आले 1880 च्या सुमारास, तेही मीटरगेज. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने मार्ग रुंद केला. संस्थान टिकले म्हणून रूळ अडले, असे कुठे झाले? निजामाने आणि बडोद्याच्या गायकवाडांनी आपापल्या राज्यांत रेल्वे आणलीच.

खालसाचे हे धोरण पुढे सरकारनेच सोडले. 1858 च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने राज्यविस्तार थांबवण्याचे वचन दिले. ते पाहायला डलहौसी हयात होता. 1860 मध्ये तो वारला. दत्तकाचा हक्कही पुढे संस्थानिकांना सनदा देऊन मान्य करण्यात आला. भोसल्यांच्या दत्तक मुलाला राजाबहादूर हा किताब मिळाला, राज्य मिळाले नाही.