समान बक्षिसाच्या अलीकडे

2025 च्या मार्चमध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंडियन ओपन स्क्वॉश स्पर्धा झाली. महिलांचे विजेतेपद दिल्लीच्या अनाहत सिंगने हाँगकाँगच्या हेलन टँगला हरवून पटकावले. तिला 17 वर्षे पूर्ण होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. आदल्या वर्षी तिने चॅलेंजर दर्जाच्या 9 व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या होत्या. कोकण किनाऱ्यावरच्या, रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनहून मुंबईला रोज एसटी सुटते, इथल्या घराघरातले कुणी ना कुणी मुंबईत नोकरीला असते. तरीही ही स्पर्धा श्रीवर्धनच्या शाळकरी मुलीला अमेरिकेतल्या स्पर्धेइतकीच लांबची होती.

महिलांच्या व्यावसायिक स्क्वॉशबद्दल आपण अभिमानाने बोलावे असे बरेच काही आहे. 2013 मध्ये यूएस ओपनने स्त्री-पुरुषांना सारखे बक्षीस दिले. 2015 मध्ये महिलांची स्वतंत्र संघटना पुरुषांच्या संघटनेत सामील झाली आणि त्याच वर्षी समोरच्या भिंतीच्या तळाची पत्र्याची पट्टी, म्हणजे ‘टिन’, महिलांसाठीही 19 इंचांवरून 17 इंचांवर आली. वरवर पाहता दोनच इंच, पण त्यामुळे महिलांना खाली, मरून पडणारे फटके खेळण्याची मोकळीक मिळाली आणि त्यांचा खेळ जास्त आक्रमक झाला. आज जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोघांचे बक्षीस सारखे असते. मे 2025 मध्ये इजिप्तच्या नूर एल शेरबिनीने शिकागोत आठव्यांदा ते अजिंक्यपद जिंकले आणि मलेशियाच्या निकोल डेव्हिडशी बरोबरी केली.

आपल्याकडे ही समता भांडून मिळवावी लागली. दीपिका पल्लिकल 2012 मध्ये जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली होती, असे करणारी ती पहिली भारतीय महिला. आणि त्याच काळात राष्ट्रीय स्पर्धेत महिला विजेतीला पुरुष विजेत्याच्या निम्म्याहून कमी रक्कम मिळत होती. दीपिकाने त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि तो वर्षानुवर्षे टिकवला. 2016 मध्ये रक्कम समान झाली, तेव्हाच ती परतली आणि जिंकलीही. मधल्या काळात, 2014 मध्ये, तिने आणि जोश्ना चिनप्पाने ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दुहेरीचे सुवर्ण मिळवले. राष्ट्रकुलमधले भारताचे स्क्वॉशचे ते पहिलेच पदक. दीपिकाच्या त्या हट्टाला मी या पदकाहून कमी लेखत नाही.

पण बक्षीस समान झाले ते कोर्टपर्यंत पोहोचलेल्या मुलींसाठी. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे.

स्क्वॉश कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद. चारही बाजूंनी भिंती. चेंडू मुठीत मावेल एवढा, पोकळ रबराचा. स्पर्धेच्या चेंडूवर दोन पिवळे ठिपके असतात. तो गार असताना जमिनीवर टाकला तर उसळतच नाही. काही मिनिटे भिंतीवर जोरात मारत राहिले की आतली हवा तापते आणि चेंडू जिवंत होतो. नवशिक्या मुलाच्या हातात तेवढा जोर नसतो, म्हणून त्याला मोठा, जास्त उसळणारा चेंडू देतात. हे सारे वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी सुरू व्हावे लागते आणि त्यासाठी भिंत लागते. क्रिकेट अंगणात होते, कबड्डी शेतात होते. स्क्वॉश भिंतीशिवाय होत नाही, आणि आपल्याकडे या भिंती बहुतेक क्लबांच्या आणि लष्करी छावण्यांच्या आत आहेत.

क्लबात सभासदांखेरीज आणखी एक वाट होती, नोकरांची. सभासदांबरोबर खेळायला आणि त्यांना शिकवायला क्लब जो माणूस ठेवतो त्याला मार्कर म्हणतात. 1951 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणारा हाशिम खान पेशावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू उचलणारा पोरगा होता. साहेब लोक दुपारी विश्रांतीला गेले की रिकाम्या कोर्टवर तो खेळत असे. त्याच्या नातेवाइकांतून जगज्जेत्यांची रांग उभी राहिली. त्या रांगेत एकही जगज्जेती नाही. मागच्या दारानेही मुलगेच आत गेले.

आत शिरल्यावरही हिशेब सोपा नसतो. व्यावसायिक हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून जूनपर्यंत चालतो. खालच्या चॅलेंजर स्पर्धांत एकूण बक्षीस काही हजार डॉलर, आणि ते साऱ्या खेळाडूंत वाटले जाते. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती परतीच्या तिकिटाचेही पैसे येत नाहीत. क्रमवारीचे गुण मात्र याच स्पर्धांतून गोळा करावे लागतात. याच किनाऱ्यावर खाली, गोव्याच्या आकांक्षा साळुंखेने ही वाट चालून जगातल्या पहिल्या शंभरांत जागा मिळवली आहे. मला त्याचे अप्रूप वाटते, कारण घरच्यांना कित्येक वर्षे खर्च पेलता आल्याशिवाय हे घडत नाही.

तसे शालेय क्रीडा स्पर्धांच्या सरकारी यादीत स्क्वॉश आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत आणि दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. ज्या तालुक्यात कोर्टच नाही, तिथल्या मुलींना या गुणांचा उपयोग काय?

रायगडात कोर्ट उभे राहणे अशक्य नाही. खालापूर तालुक्यातल्या कलोते गावी माजी राष्ट्रीय विजेता रित्विक भट्टाचार्यने अकादमी उभारली आणि गावातल्या मुलांच्या हाती रॅकेट दिली. पण एका खेळाडूच्या जिद्दीवर सगळा जिल्हा सोडून देणे बरे नव्हे, आणि श्रीवर्धनहून खालापूरला जाण्यात अर्धा दिवस मोडतो. मलेशियाचे पिनांगही समुद्रकाठचेच. निकोल डेव्हिड तिथली. शासनाच्या क्रीडा यंत्रणेने कोर्ट आणि प्रशिक्षक दिले, आणि ती सलग 9 वर्षे जगात पहिली राहिली.

इथे तीन आक्षेप येतील आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला, कोकणात आधी कबड्डीला मॅट द्या. जरूर द्या. पण पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे मैदान चिखलात असते आणि मुलींचा खेळ जूनमध्ये थांबतो तो दिवाळीपर्यंत. छप्पर असलेली जागा दोन्ही खेळांना हवी आहे. दुसरा आक्षेप खाऱ्या, दमट हवेचा. पावसाळ्यात कोर्टच्या भिंतींना घाम सुटतो, लाकडी जमीन फुगते. म्हणून बांधकाम हवा खेळती ठेवून करावे लागेल, आणि छप्पर पत्र्याचे चालणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पत्र्यांचे काय झाले ते श्रीवर्धनने पाहिले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: एका वेळी दोघेच खेळतात, मग एवढा खर्च कशाला? माझे उत्तर असे, की प्रत्येक तालुक्याला कोर्ट मागणे मलाही पटत नाही. जिल्ह्याला एक, पण ते सर्वांसाठी खुले हवे.

स्क्वॉशला ऑलिम्पिकमध्ये घेण्याचा निर्णय 16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईतच झाला. 2028 मध्ये लॉस एंजेलिसला तो पहिल्यांदा खेळला जाईल. पदकाची स्वप्ने चेन्नई-दिल्लीने पाहावीत, त्यांची तयारी आहे. रायगड जिल्हा क्रीडा संकुल समितीने एवढेच करावे: पुढच्या आराखड्यात एक सार्वजनिक कोर्ट धरावे, संध्याकाळचे दोन तास मुलींसाठी राखावेत, आणि एक महिला प्रशिक्षक नियमित पगारावर नेमावी. आणि हे वाचणाऱ्या पालकांनी, शिक्षकांनी ही मागणी समितीकडे लेखी द्यावी.