लेखणीची मजुरी



देवाधर्माचे लिहून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न आपल्या संप्रदायात अधूनमधून निघतो. निघाला की बहुतेक जण एका वाक्यात निकाल देतात : सेवेचे मोल घ्यायचे नसते. निकाल ऐकायला गोड आहे. पण तो कोण देतो आहे आणि कोणाला देतो आहे, हे पाहिल्याशिवाय मान डोलावू नये.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडू. तुकोबारायांची आज्ञा कडक आहे. कीर्तनाच्या ठिकाणी कीर्तनकाराने अन्न घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हारही पडू देऊ नये, असे ते सांगतात. द्रव्य घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी सोडलेले नाही. मी महाड-पोलादपूरच्या गावांतून चाळीस वर्षे उभा राहिलो, तो भाकरी घरून बांधून नेऊन. पण माऊली, खरे सांगायचे तर हे व्रत मला झेपले ते घरी भातशेती होती म्हणून. ज्याला शेत नाही त्याने काय करावे?

असा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. पोलादपूर तालुक्यातला. हल्ली ज्याला मुक्त लेखक म्हणतात, ते त्याचे काम. नोकरी नाही, पगार नाही; सांगतील ते लिहून द्यायचे. सप्ताहाच्या पत्रिका, स्मरणिका, मानपत्रे, एखाद्या ग्रामदेवतेच्या मंदिराची माहिती, वर्तमानपत्राच्या पुरवणीला लेख. यंदाच्या पाडव्याला तो वर्षाची वही घेऊन आला. वहीत 31 कामे होती. पैसे मिळाले 12 कामांचे. एकूण 38,400 रुपये, म्हणजे महिन्याला 3,200. उरलेल्या 19 कामांपैकी 11 ठिकाणी शाल-श्रीफळ मिळाले. तो हसत म्हणाला, “बुवा, अकरा शाली झाल्या. आपल्या महाडात शालीची थंडी पडते किती?”

मग हसणे थांबवून त्याने पुढचे सांगितले. एका गावच्या मंडळींनी त्याला सुनावले होते की, बुवा तर सगळे फुकट लिहून देतात, मग तू पैसे कसे मागतोस? म्हणजे माझा नेम दाखवून त्याचा घास अडवला गेला होता.

हिशेब मांडणे हे हलके काम समजू नका. नाथमहाराजांनी एका दमडीची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली, ही कथा आपण सारे ऐकतो. या वहीतही एक चूक आहे. ती त्याच्या बेरजेत नाही, आपल्या व्यवहारात आहे.

आपल्याच मुलखातले दाखले पाहा. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. पाठीशी राजाश्रय होता. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी दासबोध लिहीत गेले, असे परंपरा सांगते. त्यांचा भार संप्रदायाच्या भिक्षेवर होता. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या घरी तेलाचा घाणा होता. तिन्ही लेखण्या पवित्र, आणि तिन्हींच्या मागे भाकरीची सोय होती. आजच्या या पोराला राजा नाही, मठ नाही, घाणाही नाही. त्याच्याकडून निरपेक्ष लेखणी मागायची, तर त्याची भाकरी कोणी द्यायची, हेही सांगायला हवे.

तरीही शंका उरते. तुकोबारायांच्या आज्ञेचे काय? मला जे उमजले ते असे. आज्ञा नामाच्या विक्रीविरुद्ध आहे. हरिकथेला भाव लावायचा नाही. देणाऱ्याने नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. पण पत्रिका लिहिणे म्हणजे काय, ते एकदा पाहा. दीडशे देणगीदारांची नावे तपासायची, महाराजांच्या तारखा जुळवायच्या, छपाईची चूक दोनदा वाचायची, त्यासाठी चार वेळा महाडला जायचे. हे कष्ट आहेत. मांडववाल्याचे कष्ट जसे, तसेच हे. नामाला मोल नाही म्हणून मांडववाल्याची मजुरी आपण बुडवत नाही. मग लिहिणाऱ्याचीच का बुडवावी?

आणि त्याग करायचा तर तो कसा करावा, हेही तुकोबारायांनीच दाखवले. घरची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली. धाकट्या कान्होबांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि आपलाच अर्धा डोहात सोडला. एवढे वैराग्य, पण ते भावाच्या हिश्शावर चालवले नाही. आपल्या वाट्याचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देऊन त्याला सेवा म्हणणे, ही चतुराई.

म्हणून मी त्या गावच्या मंडळींना निरोप धाडला : मी घेत नाही, कारण माझे भागते. त्याचे भागत नाही, त्याला द्या. त्यांनी अजून दिलेले नाहीत. तो पोरगा दिवाळीपर्यंत वाट पाहणार आहे. नाही जमले तर मुंबईची गाडी धरीन म्हणतो. गेला, तर आपल्या पाच-पंचवीस गावांची माहिती हिंडून गोळा करणारा एक माणूस कमी होईल. त्याला थांब म्हणायचा अधिकार मला नाही.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्या गावच्या सप्ताहाचा जमाखर्च काढून पाहा. त्यात मांडव आहे, ध्वनिक्षेपक आहे, आचारी आहे, गॅस आहे, छपाई आहे. त्याखाली ‘लेखन’ अशी एक ओळ वाढवा. काम सांगतानाच रक्कम सांगा, आणि काम झाल्यावर मागायला न लावता पाकीट हाती द्या. ज्याला ते विठ्ठलाच्या पेटीत टाकायचे असेल, तो टाकील. पण टाकायचे की नाही, हे त्याला ठरवू द्या.

रामकृष्णहरी.